उताराच्या रानात आल्याला पाचटाचे आच्छादन: माती थांबेल का, आणि कंद कुजणार तर नाहीत ना?

डोंगरकाठ (ता. पाटण, जि. सातारा)

सर्वांना नमस्कार. आमचे दीड एकर रान तारळे खोऱ्यात डोंगराच्या पायथ्याला आहे. वरच्या अंगाला दर दहा मीटरला साधारण एक मीटर उतार लागतो आणि खाली ओढ्याकडे गेल्यावर तो निम्म्यावर येतो. माती तांबूस आहे. वर दीड वितीवर मुरूम लागतो, खाली मात्र बऱ्यापैकी खोली आहे. आजवर तेथे खरिपात सोयाबीन आणि भुईमूग होत आला. गेल्या काही पावसाळ्यांत वरच्या पट्ट्यात खडे उघडे पडू लागले आहेत, सरींच्या तोंडाशी गाळाचे पंखे पसरतात आणि खालच्या बांधाला माती इतकी साचली आहे की बांध जवळपास बुजला आहे. माती आमच्याच रानातून आमच्याच बांधाला आली म्हणून समाधान मानावे, तर बांधावरून उडी मारून जी ओढ्याला गेली तिचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

यंदा मे महिन्यात या रानात आले लावण्याचा विचार आहे. येथेच माझी खरी अडचण सुरू होते. आमच्या भागात आल्याचे गादीवाफे उताराच्या दिशेने पाडण्याची पद्धत आहे, कारण पाणी थांबले की कंदकूज येते हे सगळ्यांना ठाऊक आहे. तसे वाफे पाडले तर आषाढातल्या पावसात प्रत्येक सरीचा ओहोळ होणार. वाफे उताराला आडवे घेतले तर माती थांबेल, पण पाणीही थांबेल आणि बेण्याचा खर्च पाण्यात जाईल. या दोन्हींच्या मधला मार्ग म्हणून उसाच्या पाचटाचे आच्छादन करावे असे मनात आहे. कऱ्हाड भागातील पाहुण्यांकडे पाचट मिळेल, घरचा भाताचा पेंढाही थोडा आहे.

तरी जाणकारांनी सांगावे की आच्छादन किती आणि केव्हा घालावे, दहा टक्के उतारावर ते पावसाने वाहून जाणार नाही का, आणि त्यामुळे वाफ्यात ओल वाढून कूज तर वाढणार नाही ना. कृषी सेवा केंद्रात मला प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर घ्या असे सुचवले, त्याविषयीही कोणाचा अनुभव असल्यास लिहावे.

मृद_निवृत्त (सातारा)

आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो. नोकरीची सगळी वर्षे मृद व जलसंधारणाच्या कामात गेली आणि त्यात आम्ही लोकांनी चर व बांध भरपूर खोदले. उघड्या मातीवर काहीतरी पसरून ठेवा, हे मात्र फार कमी सांगितले.

पहिल्या मोठ्या पावसानंतर वरच्या पट्ट्यात जाऊन उकिडवे बसून पाहावे. जेथे जेथे एखादा खडा किंवा वाळलेले पान पडलेले असेल, त्याच्याखाली मातीचा बोटभर उंचीचा खांब उभा दिसेल आणि आजूबाजूची माती तेवढ्याने खाली गेलेली असेल. सोयाबीनच्या खालच्या पानांची पाठ उलटून पाहिली तर तेथे चिखलाचे शिंतोडे असतात. हे दोन्ही पुरावे एकच गोष्ट सांगतात. धूप पाणी वाहू लागल्यावर सुरू होत नाही. ती थेंब आदळतो तेव्हाच सुरू झालेली असते. पाच मिलिमीटर व्यासाचा मोठा थेंब ताशी सुमारे 30 किलोमीटर वेगाने जमिनीवर आपटतो, त्या माराने मातीचा कण सुटतो आणि उडतो, आणि उतार असल्यामुळे तो वरच्यापेक्षा खालच्या बाजूला अधिक लांब जाऊन पडतो. सुटलेले बारीक कण मातीच्या छिद्रांत बसतात, वर पापुद्रा धरतो, पाणी मुरणे मंदावते आणि मग वाहणाऱ्या पाण्याला सुटी झालेली माती आयती मिळते. डोळ्यांना हे नुकसान जाणवत नाही. एकरावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला तरी सुमारे पाच टन माती जाते, आणि एक मिलिमीटर कमी झाला हे कोणाच्या लक्षात येणार!

पाचट किंवा पेंढा येथे दोन कामे करतो. थेंबाचा मार स्वतःवर घेतो, त्यामुळे कण सुटतच नाही. आणि पातळ थराने सरकणाऱ्या पाण्याला काडीकाडीशी अडवून त्याचा वेग मोडतो. यासाठी जाड गादी लागत नाही. अमेरिकेत मॅनरिंग आणि मायर या संशोधकांनी 1963 मध्ये मंद उतारावर कृत्रिम पाऊस पाडून वेगवेगळ्या प्रमाणात काड पसरून पाहिले, तेव्हा एकरी सुमारे 900 किलो आणि त्याहून अधिक काड असलेल्या तुकड्यांत धूप जवळजवळ थांबली होती, आणि त्याच्या चौथ्या हिश्शाएवढे काडही बऱ्यापैकी उपयोगी पडले होते. आपला उतार जास्त, पाऊस आडदांड आणि पाचट लवकर बसणारे, म्हणून आपण दुप्पट धरावे, म्हणजे एकरी दोन टन वाळलेले पाचट. गुंठ्याला हे 50 किलो पडते आणि एका चौरस मीटरला अर्धा किलो. पहिल्या दिवशी एवढे पाचट तराजूवर तोलून एका वाफ्यावर पसरावे. मजुरांच्या हाताला ते प्रमाण बसले की पुढे तराजू लागत नाही.

आच्छादन पुरेसे आहे की नाही हे तपासण्याची सोपी रीत अशी. लांब दोरीला सारख्या अंतरावर 100 गाठी माराव्यात, ती रानात तिरकी ताणून जमिनीवर टेकवावी आणि किती गाठींखाली पाचट आहे ते मोजावे. तेवढे टक्के जमीन झाकलेली आहे. 30 टक्क्यांपासून फरक दिसू लागतो. आपल्या उतारावर पावसाळा लागताना 70 टक्क्यांच्या खाली राहू नये.

आता आपल्या मूळ शंकेकडे येतो. पाचट वाहून जाईल का? पसरलेल्या पातळ पाण्याने जात नाही. एकत्र झालेल्या पाण्याने नक्की जाते. वरच्या डोंगराचे पाणी आपल्या रानात शिरत असेल तर कितीही पाचट घातले तरी ते पहिल्या मोठ्या पावसात खालच्या बांधाला गोळा झालेले दिसेल, आणि लोक म्हणतील की आच्छादनाचा उपयोग होत नाही. म्हणून रानाच्या माथ्यावर आडवा चर काढून डोंगराचे पाणी बाजूच्या नाळीत सोडावे, आणि ती नाळ गवताने बांधलेली असावी. हे झाल्याशिवाय पाचटाची ट्रॉली मागवू नये.

वाफे उताराला उभे की आडवे, याचे उत्तर दोन्हींच्या मध्ये आहे. ए आकाराची लाकडी चौकट किंवा पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन समतल रेषा आखावी आणि सरीला त्या रेषेपासून किंचित उतार द्यावा. 100 फुटांना चार ते सहा इंच एवढा पुरतो. अशी सरी पाणी साठवत नाही आणि धावू देत नाही, ती पाण्याला चालत घेऊन जाते. प्रत्येक सरी शेवटी गवताच्या नाळीत उतरली पाहिजे. वाफ्याची उंची एक फुटाच्या आसपास असावी, कारण आच्छादनाखाली पाणी जास्त मुरते ही गोष्ट खरी आहे, आणि निचरा नसलेल्या वाफ्यात तोच गुण दोष ठरतो. कंदकूज पिथियमसारख्या बुरशीमुळे होते आणि तिला साचलेली ओल लागते. पाचटाची ओल आणि साचलेले पाणी यांत फरक आहे. पहिलीमुळे आले पोसते, दुसऱ्यामुळे कुजते. बेणेप्रक्रिया आणि ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) यांना मात्र आच्छादन हा पर्याय नाही, ते स्वतंत्रपणे करावेच लागेल.

ऊसपट्टा_वाळवा (जि. सांगली)

साहेबांनी सगळे मुद्देसूद मांडले आहे, मी फक्त पाचटाच्या बाजूने लिहितो, कारण आमच्याकडे तोच माल आहे.

एकर उसातून साधारण तीन ते चार टन पाचट निघते. म्हणजे आपल्या दीड एकराला जे तीन टन लागेल, ते एका एकरात मिळून जाते. आमच्याकडे अजूनही तोड संपली की संध्याकाळी काडी लावणारे आहेत, तेव्हा पाहुण्यांना तोड चालू असतानाच सांगून ठेवावे. कारखान्यांचा हंगाम आटोपल्यावर विचारायला गेलात तर राखच पाहायला मिळेल. वाहतुकीचे गणित नीट करावे. सुटे पाचट ट्रॉलीत भरले तर ट्रॉली डोंगराएवढी दिसते आणि वजन मात्र थोडेच बसते, त्यामुळे बेलर यंत्राने दाबून बांधलेले गठ्ठे मिळत असतील तर तेच घ्यावेत.

पाचटाची कुट्टी करून घेऊ नये. सपाट उसाच्या रानात कुट्टी चांगली, लवकर कुजते. उतारावर तुकडे पाण्यावर तरंगतात आणि निघून जातात; लांब पान पानात अडकून राहते. पसरताना ते उताराला आडवे पडेल असे पाहावे, आणि पसरून झाल्यावर ठिबक अथवा तुषार संच थोडा वेळ चालवून ओले करावे. एकदा ओले होऊन बसलेले पाचट वळवाच्या वाऱ्यालाही उचलत नाही.

खताविषयी एक गैरसमज असतो. पाचट कुजवण्यासाठी टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू संवर्धक अशी शिफारस आपण खोडव्यात पाळतो, कारण पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे, आणि ते मातीत मिसळले की कुजवणारे जीव पिकाच्या तोंडचे नत्र ओढतात. आपल्याला मात्र पाचट पावसाळाभर टिकवायचे आहे. वरच्या वर ठेवलेले पाचट मातीतले नत्र फारसे खात नाही, तेव्हा त्याच्यावर युरिया फेकून त्याचे आयुष्य कमी करू नये. आले काढल्यावर उरलेले पाचट मातीत घालाल तेव्हा तो हिशेब करा.

शिराळा_बांधकरी (जि. सांगली)

माफ करा, पण मला हे सगळे पुस्तकी वाटते. आमच्याकडे चांदोलीच्या बाजूचा पाऊस पाहिलेल्या माणसाला पाचट पसरून माती थांबेल असे सांगणे म्हणजे कमालच आहे. आमच्या वाडवडिलांनी दगडी ताली रचल्या, पायऱ्या पाडल्या, म्हणून आज भात पिकतो. जुलै 2021 मध्ये आपल्याच पाटण तालुक्यात डोंगर खाली आले, तेव्हा कोणते आच्छादन उपयोगी पडले असते? ताली बांधा, बांधावर झाडे लावा, पाचट गुरांखाली अंथरा आणि शेणखत करून रानात घाला. आणखी एक, आमच्या बाजूला पाचट घातलेल्या रानात किडे शोधायला रानडुकरे येतात आणि एका रात्रीत वाफे उलथून टाकतात, हेही लक्षात असू द्या.

मृद_निवृत्त (सातारा)

दरडी कोसळणे आणि शेतातली धूप या दोन वेगळ्या घटना आहेत, त्यांची गल्लत करू नये. दरड कोसळते तेव्हा मातीचा जाड थर खालच्या खडकावरून पाण्याने भिजून एकदम घसरतो. तेथे पाचटच काय, शेतकऱ्याने केलेला कोणताही उपाय अपुरा ठरतो, आणि डोंगराला भेगा पडल्या किंवा नवे झरे फुटलेले दिसले तर रान सोडून माणसांनी आधी बाहेर पडावे. आपण येथे बोलत आहोत ते दर पावसाळ्यात गाजावाजा न करता जाणाऱ्या मातीविषयी.

तालीच्या बाबतीत आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि ज्याच्याकडे जुन्या ताली आहेत त्याने त्यांचा एकही दगड हलू देऊ नये. फक्त एवढे ध्यानात घ्यावे की ताल ही सुटलेल्या मातीला शेवटी अडवते. प्रश्नकर्त्याचा खालचा बांध बुजला आहे, म्हणजे बांधाने त्याचे काम चोख केले आणि तरीही वरचा पट्टा उघडा पडला. दोन तालींच्या मधल्या जागेत माती सुटूच नये यासाठी काय करणार, त्याचे उत्तर तालीत नाही. रानडुकरांचा मुद्दा खरा आहे. आपल्या भागात कुंपणाची सोय नसेल तर हा खर्च आधीच धरावा लागेल.

माणदेशी_मळा (आटपाडी, जि. सांगली)

आमचा मुलूख अगदीच वेगळा. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आम्ही त्याच्या दहाव्या हिश्शावर वर्ष काढतो, तरीही धूप आमच्याकडेही आहे, हे पश्चिमेकडच्या लोकांना खरे वाटत नाही. कारण आमचा पाऊस थोडा असला तरी एकदम येतो. उन्हाळ्यात नांगरून ठेवलेल्या उघड्या रानावर वळीव कोसळतो, आणि खरा मोठा पाऊस सप्टेंबरात परतीचा येतो. तेव्हा वर्षभराचा पाऊस पाहण्यापेक्षा तो पडतो त्या दिवशी आपली जमीन झाकलेली आहे की उघडी आहे, हे पाहावे.

आमच्याकडे कडबा किंवा पेंढा जमिनीवर पसरतो म्हटले तर घरातली म्हातारी माणसे वेड्यात काढतील, आणि त्यांचे चुकतही नाही. चारा छावण्यांत जनावरे घेऊन राहिलेल्या माणसाला वैरण मातीवर टाकवत नाही. म्हणून आम्ही जनावर तोंड लावत नाही तेच वापरतो. तुरीच्या तुराट्या उताराला आडव्या, जमिनीला टेकतील अशा टाकतो. त्या थेंब फारसा झेलत नाहीत, पण वाहते पाणी अडवतात आणि त्यांच्या वरच्या अंगाला पालापाचोळा आपोआप अडकत जातो. बांधावर गिरीपुष्प लावले आहे, त्याचा पाला पावसाळ्यात छाटून डाळिंबाच्या ओळीत पसरतो. तो पाला लवकर कुजतो, म्हणजे आच्छादन म्हणून टिकत नाही, पण नत्र देऊन जातो. माळावरचे कुसळी गवतही चालते, फक्त ते बी धरण्याच्या आधी कापलेले असावे, नाहीतर पुढच्या वर्षी रानात कुसळांचेच पीक येईल.

आपण घरचा भाताचा पेंढाही वापरणार म्हणता. माझा सल्ला असा की तो गुरांना ठेवावा. पाचट मिळत असताना पेंढा मातीवर घालणे मला तरी परवडण्यासारखे वाटत नाही. आमच्याकडे वाळवी ही मोठी डोकेदुखी आहे, कोरड्या पाचटात ती हमखास लागते; तुमच्या ओल्या हवेत तिचा त्रास तेवढा नसेल, तेथे गोगलगायींचा असेल.

स्ट्रॉबेरी_जावळी (जि. सातारा)

प्लॅस्टिक पेपरविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे स्ट्रॉबेरीला पेपर अंथरतातच, तण येत नाही, फळ मातीला टेकत नाही, ठिबकचे पाणी वाचते. धुपीच्या दृष्टीने मात्र त्याचे गणित उलटे आहे. वाफ्यावर पडलेला पाऊस पेपरमधून मुरत नाही, तो सगळाच्या सगळा दोन वाफ्यांच्या मधल्या सरीत येतो, म्हणजे निम्म्या जमिनीवर दुप्पट पाणी. अवकाळी पाऊस झाला की आमच्या सरी पेपरच्या कडेखालून कोरल्या जातात आणि पेपर अधांतरी लोंबकळत राहतो. त्यावर उपाय म्हणून आम्ही सरीत वाळलेले गवत किंवा पेंढा पसरतो. त्याने सरी टिकते आणि तोडणी करणाऱ्या बायकांचे पाय चिखलात रुतत नाहीत, हा फायदा मला तरी पहिल्याइतकाच मोठा वाटतो.

स्ट्रॉबेरी पावसाळा संपताना लागते, आले तर पावसाळाभर रानात असते. पाटणच्या पावसात, दहा टक्के उतारावर, पेपर अंथरून सरी उघड्या ठेवणे मला धोक्याचे वाटते. पेपर घ्यायचाच असेल तर सरीत पाचट हवेच, आणि सरीत पाचट घालणारच असाल तर वाफ्यावरही पाचटच का नको? शिवाय आल्याला माती चढवावी लागते, तेव्हा पेपर फाडावा लागेल.

गोगलगायींसाठी एक साधी गोष्ट सांगते. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे वाफ्यांच्या कडेला ठेवावीत आणि सकाळी उन्हे चढण्याआधी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. हे आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी मिळून केले तरच उपयोग होतो, एकट्याने केले तर शेजारच्या बांधावरून रोज नव्या येत राहतात.

डोंगरकाठ (ता. पाटण, जि. सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. ताईंच्या उत्तरामुळे पेपरचा विचार सोडला आहे, आणि वैरणीविषयी माणदेशच्या दादांनी जे लिहिले ते घरी वाचून दाखवताच आईने पेंढ्याची गंजी माझ्यापासून सुरक्षित झाल्याचे जाहीर केले.

दोन गोष्टी अजून स्पष्ट व्हाव्यात. पहिली अशी की आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये डोंगराला वणवा लागतो आणि आमचे रान डोंगराला लागूनच आहे. अशा ठिकाणी पाचट आधीच आणून पसरावे का? दुसरी अशी की सरीत पाचट घातले तर पाण्याची वाट तुंबून वाफ्यात पाणी चढणार नाही का?

मृद_निवृत्त (सातारा)

वणव्याच्या काळात पाचट रानात पसरून ठेवणे म्हणजे आगीला घरात बोलावणे होय. गठ्ठे घराजवळ किंवा विहिरीजवळ मोकळ्या जागेत रचून ठेवावेत, आणि रानाच्या डोंगराकडील कडेला गवत काढून पुरेशा रुंदीची जाळरेषा मोकळी करावी. आपला माथ्यावरचा चर तेथेच काढला तर चराची माती आणि जाळरेषा ही दोन्ही कामे एका जागी होतात. पाचट पसरण्याची वेळ लागवडीनंतर लगेचची, म्हणजे मे महिन्यातली. त्या वेळी ठिबक चालू झालेले असते, जमीन ओली असते आणि वणव्याचा जोर ओसरू लागलेला असतो. मेच्या उन्हापासून बेण्याचे रक्षण होते आणि पहिला वळीव येतो तेव्हा जमीन झाकलेली असते. कोंब वर येताना जाड थरात अडकू नयेत म्हणून बेण्याच्या ओळीवर थर पातळ ठेवावा आणि वाफ्याच्या कडांवर अधिक घालावे, कारण ढासळतात त्या कडा. माती चढवताना पाचट बाजूला ओढावे, माती लावून झाली की पुन्हा जागेवर आणावे. हे काम मजुरांना कंटाळवाणे वाटते आणि नेमके तेव्हाच ते टाळले जाते. भर पावसाळ्यात नुकती हलवलेली माती उघडी राहिली तर आधीची सगळी मेहनत त्या आठवड्यात वाहून जाईल, त्यामुळे त्या दिवशी आपण स्वतः रानात उभे राहावे.

सरी तुंबण्याची भीती रास्त आहे. सरीत पाचट कोंबायचे नाही, तळ झाकेल एवढेच सुटे अंथरायचे. त्याशिवाय दर पंधरा-वीस फुटांवर पाचटाची मनगटाएवढी जाड पेंडी सरीला आडवी टाकून दोन्ही टोकांना निरगुडीच्या खुंट्या ठोकाव्यात. पेंडीचा मधला भाग कडांपेक्षा खाली असावा आणि तिची उंची कोणत्याही परिस्थितीत वाफ्याच्या निम्म्यापेक्षा कमी असावी, म्हणजे जास्तीचे पाणी मधूनच पुढे जाते, वाफ्यावर चढत नाही आणि कडेने कोरतही नाही. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन सरींमधून एक फेरी मारावी. ज्या पेंडीच्या वर तळे साचलेले दिसेल ती तेथल्या तेथे पायाने दाबावी, आणि ज्या सरीत पाचट वाहून खाली गोळा झाले असेल त्या सरीला वरून कोठून तरी जास्तीचे पाणी मिळत आहे असे समजून वरच्या दिशेने चालत जाऊन ती जागा शोधावी.

आपण विचारलेले नाही, तरी काढणीविषयी लिहितो. आले जानेवारीच्या सुमारास निघते आणि ते खणून काढावे लागते. म्हणजे उताराची सगळी जमीन एक फूट खोलीपर्यंत भुसभुशीत होऊन उन्हाळाभर उघडी पडते आणि तिच्यावर एप्रिल-मेचा वळीव येतो. आल्यामागे आले त्याच रानात घ्यायचे नाही, त्यामुळे बहुतेक जण तेथे जूनमध्ये सोयाबीन पेरायचे म्हणून रान तसेच सोडून देतात. तसे करू नये. खणताना पाचट एका बाजूला ओढून ठेवावे आणि कंद काढून झाल्यावर तेच परत पसरावे. विहिरीला पाणी असेल तर लगेच उताराला आडव्या ओळींत एखादे दाट वाढणारे कडधान्य टाकावे, नसेल तर निदान ढेकळे न फोडता रान ढोबळ ठेवावे. उरलेले पाचट अपुरे वाटले तर दोरीच्या गाठी मोजाव्यात, आणि 30 च्या खाली आकडा आला तर कऱ्हाडच्या पाहुण्यांना त्याच हंगामात आणखी एका ट्रॉलीचा निरोप द्यावा.